तिला कुणी विचारलं? म्हैसूरचा १९३० सालचा दवाखाना आणि अपंग स्त्रीचं मातृत्व

आज आपण म्हैसूरला जाणार आहोत, पण राजवाडा, दसऱ्याचे हत्ती किंवा वृंदावन बाग बघायला नाही. आपल्याला जायचंय सरकारी इस्पितळात. इर्विन रस्त्यावर कृष्णराजेंद्र इस्पितळ आहे आणि त्याच्या शेजारीच बायकामुलांचं चेलुवांबा इस्पितळ. आजही आसपासच्या तालुक्यांतल्या बाळंतिणी तिथे येतात. बाहेर फळवाले, डबे घेऊन आलेल्या सासवा, चिठ्ठ्या हातात घेऊन धावणारे नवरे, असं सगळं चित्र तुमच्या गावच्या सिव्हिल हॉस्पिटलसारखंच.

या शहराच्या नावावर एक जागतिक विक्रम आहे आणि तो पर्यटनाच्या माहितीपुस्तकात सहसा सापडत नाही. जून १९३० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सरकारने आपल्या मोठ्या इस्पितळांत संततिनियमनाचे दवाखाने उघडायला मंजुरी दिली. सरकारनेच असे दवाखाने चालवण्याची ही जगातली पहिली वेळ मानली जाते. गादीवर नाल्वडी कृष्णराज वडियार होते आणि दिवाण होते मिर्झा इस्माईल. त्या वेळी इंग्लंड-अमेरिकेत हे काम खाजगी संस्था करत होत्या, तेही शिव्या खात आणि कधीकधी पोलिसांचा त्रास सोसत. मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दवाखाना उघडला, तर तो दहाएक दिवसांत पोलिसांनी बंद पाडला होता.

म्हैसूरला हे का जमलं? त्या संस्थानाला सुधारणेची सवय होती. बालविवाहाला आळा घालणारा कायदा तिथे १८९४ मध्येच झाला होता. आठ वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावायचं नाही आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालच्या मुलीशी लग्न करायचं नाही, असा. (आज वाचताना हे वय पाहून हसू येतं आणि अंगावर काटाही येतो, पण त्या काळात एवढंही पुष्कळ होतं.) या संस्थानात आपली माणसंही होती बरं का. १९०६ ते १९१२ या काळात व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव असे तंजावरच्या मराठी घराण्यांतले दोन दिवाण तिथे पाठोपाठ झाले.

तर १९३० चा तो निर्णय मोठाच. बाई दरवर्षी बाळंत होते आणि त्यात खंगून मरते, हे निव्वळ तिचं नशीब नाही, त्यावर औषधोपचार आहे, हे एका सरकारने मान्य केलं. पण इतिहास वाचताना मला एक सवय लागली आहे. एखादं दार उघडलं असं वाचलं की मी विचारतो, ते कुणासाठी उघडलं? पायाने अधू असलेली बाई, आंधळी बाई, बहिरी बाई, जिला गावात ‘वेडी’ म्हणतात ती बाई; हिला या नव्या शास्त्रात जागा काय होती?

शब्दाबद्दल एक खुलासा. सरकारी कागदांवर गेली काही वर्षं ‘दिव्यांग’ आहे. मी इथे ‘अपंग’ म्हणतोय, कारण चळवळीतल्या अनेकांनी तो शब्द आपला म्हणून वापरला आहे. तुम्हाला दुसरा शब्द बरा वाटत असेल तर मनातल्या मनात तो घाला, माझी काही हरकत नाही.

आता थोडं मागे, मुंबईला. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी तिथे संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला. कर्व्यांनी यापायी प्राध्यापकी घालवली, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला आणि तो फेटाळला गेला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, सांगावाच.

पण १९२७ साली आणखी एक पुस्तक आलं. लेखक ना. सी. फडके. हो, तेच आपले कादंबरीकार फडके. पुस्तक इंग्रजीत होतं, भारतातल्या कामप्रश्नावरचं, आणि त्याच्या उपशीर्षकातच सुप्रजननाच्या चळवळीसाठी विनंती होती. प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची. सुप्रजनन म्हणजे काय? गॅल्टन या इंग्रजाने १८८३ मध्ये काढलेला शब्द. गुरांची जात सुधारतात तशी माणसांची सुधारायची. ‘चांगल्यांनी’ अधिक मुलं जन्माला घालायची आणि ‘कमी प्रतीच्यांनी’ घालायची नाहीत. म्हणजे कुटुंबनियोजनाच्या गाडीला पहिल्यापासून दोन बैल जुंपलेले होते. एक म्हणत होता, बाईला सुटका हवी. दुसरा म्हणत होता, वंश शुद्ध हवा. आणि अपंग बाईचा विषय निघाला की पहिला बैल थांबायचा आणि दुसराच गाडी ओढायचा.

स्टोप्सबाईंचंच बघा. त्यांच्या संस्थेच्या नावातच ‘वंशाची प्रगती’ हे शब्द होते. पुढे त्यांच्या एकुलत्या एका मुलाने लग्न ठरवलं, तेव्हा बाईंनी विरोध केला. का? तर मुलीला चष्मा होता! जवळची नजर म्हणजे आनुवंशिक दोष. मुलाने लग्न केलं आणि आईने त्याला वारसाहक्कातून जवळजवळ बाद केलं.

अमेरिकेत तर १९२७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली. तिला ‘मंदबुद्धी’ ठरवून संस्थेत टाकलं होतं. खरं कारण असं की, ज्या घरात ती वाढत होती त्या घरच्या नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला होता आणि गर्भार मुलगी घरात नको होती. पुढे ज्यांनी तिची भेट घेतली त्यांना ती साधी, वाचन करणारी बाई वाटली. ही कॅरी बक लक्षात ठेवा. संस्था, बलात्कार, मग तिच्याच अंगावर शस्त्रक्रिया, हा क्रम आपल्याला पुन्हा भेटणार आहे आणि फार लांब नाही, पुण्याजवळ.

आपल्याकडे जर्मनीसारखा कायदा झाला नाही हे खरं. पण विचार आला नाही असं नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीने, जिचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, वेड आणि अपस्मार म्हणजे फेफरं यांसारखे गंभीर, पुढच्या पिढीत जाणारे आजार असलेल्यांची नसबंदी करावी, असं सुचवलं होतं. फेफरं! आज एखाद्या साध्या गोळीने आटोक्यात राहणारा आजार. सुचवणारी माणसं दुष्ट नव्हती. ती त्या काळची सर्वांत पुढारलेली माणसं होती, आणि मला वाटतं, आपण घाबरायचं ते याच गोष्टीला.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा म्हैसूर राज्यातच एक मजेदार प्रयोग झाला. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचं रामनगर तुम्हाला ‘शोले’मुळे माहीत असेल. १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथे ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याची पद्धत बायकांना शिकवली गेली. डॉ. अब्राहम स्टोन यांनी त्यासाठी मण्यांची माळ काढली. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा आला तर निर्धास्त, लाल आला तर दूर राहायचं. मग लक्षात आलं की रात्री अंधारात रंग कुठे दिसतो? म्हणून मण्यांचे आकारही वेगळे केले, बोटाला कळतील असे. प्रयोग एकूण फसला. पण हा बदल मला फार आवडतो. डोळस बायकांच्या सोयीसाठी केलेली ती माळ आंधळ्या बाईलाही सहज वापरता आली असती. तिला वेगळं काही लागत नव्हतं, फक्त माळ करणाऱ्याने अंधाराचा विचार करायला हवा होता.

मग आला १९७१ चा गर्भपाताचा कायदा. बायकांच्या जिवासाठी मोलाचाच. पण त्यात एक वाक्य होतं: अठरा वर्षांखालची मुलगी आणि ‘वेडी’ स्त्री, यांचा गर्भपात पालकाच्या लेखी संमतीने. तिच्या नव्हे, पालकाच्या. आणि पालक कोण? कित्येकदा सरकारच, कारण ती सरकारी वसतिगृहात असते.

आणीबाणीतल्या नसबंद्यांची गोष्ट आपण एका वेगळ्या भागात केली होती, म्हणून थोडक्यात. १९७६-७७ या एका वर्षात ब्याऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्राने तर सक्तीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं आणि सक्ती हा शब्द राजकारणातून हद्दपार झाला. पण ज्यांना मतपेटीपर्यंत कुणी नेतच नाही, त्यांचं काय?

आता शिरूर. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथल्या मुलींना आणि तरुण बायकांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं गेलं आणि दहाहून अधिक जणींची गर्भाशयं काढण्यात आली. आजार होता म्हणून नाही. कारण असं दिलं गेलं की त्यांना पाळीच्या वेळची स्वच्छता जमत नाही, आणि गर्भ राहण्याची भीती असते. आणखी मुलींची यादी तयार होती. बातमी फुटली, पुण्या-मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेलं आणि मुख्यमंत्री शरद पवारांनी पुढच्या शस्त्रक्रिया थांबवल्या.

या प्रकरणावर तेव्हा मराठी घराघरांत वाद झाले. आणि खरं सांगतो, सगळे एका बाजूला नव्हते. अशी मुलगी घरात असलेले आईबाप म्हणत होते, तुम्हाला बोलायला काय जातं, महिन्याचे ते चार दिवस आम्ही काढतो. आमच्यामागे हिचं कोण करणार? या प्रश्नाची टिंगल करायची नाही. थकलेल्या आईचा प्रश्न आहे तो.

पण सरकारची गोष्ट वेगळी. तीसचाळीस मुली आणि हाताखाली मोजकी माणसं असतील, पुरेसे कपडे, पाणी, शिकवायला कुणी नसेल, तर कमतरता वसतिगृहात आहे, गर्भाशयात नाही. अशा मुलींपैकी पुष्कळजणींना हळूहळू, रोज तेच करून दाखवून, पाळीची काळजी घ्यायला शिकवता येतं. दात घासायला शिकवतो तसंच. आणि ते दुसरं कारण, गर्भ राहण्याची भीती? भिंतींच्या आत, सरकारच्या ताब्यात असलेल्या मुलीला गर्भ राहील तो कसा? कुणीतरी बलात्कार करील तेव्हाच ना? गर्भाशय काढून बलात्कार थांबत नाही. थांबतो तो फक्त पुरावा. मला आजवर या युक्तिवादाला कुणी उत्तर दिलेलं नाही.

शिरूरनंतर पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, अपंगांच्या हक्कांचा देशातला पहिला मोठा कायदा झाला. त्यात शिक्षण आलं, नोकरी आली. आणि मातेचाही उल्लेख आला, पण कुठे? अपंगत्व टाळण्याच्या प्रकरणात. गर्भवतीची काळजी घ्या, म्हणजे अपंग मूल जन्मणार नाही. अपंग बाई स्वतः गर्भवती असू शकते, हे त्या कायद्याच्या मनातच आलं नाही.

ते मनात यायला २००९ उजाडावं लागलं. चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहात राहणारी एक तरुणी, वय एकोणीस-वीस, बौद्धिक अपंगत्व सौम्य ते मध्यम, आईबाप नाहीत. संस्थेतच तिच्यावर बलात्कार झाला आणि ती गरोदर असल्याचं कळलं. प्रशासन गर्भपाताच्या परवानगीसाठी उच्च न्यायालयात गेलं आणि परवानगी मिळाली. कॅरी बकचा क्रम आठवतोय ना? पण इथे एक फरक पडला. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी त्या मुलीशी बोलून पाहिलं होतं. तिने सांगितलं होतं की तिला मूल हवंय.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने जुलैमध्ये गर्भपाताला स्थगिती दिली आणि २८ ऑगस्ट २००९ रोजी सविस्तर निकाल दिला. निकालातली किल्ली गंमतशीर आहे, जरा समजून घ्या. १९७१ च्या कायद्यातला ‘वेडी’ हा शब्द २००२ मध्ये बदलून ‘मनोरुग्ण’ केला होता आणि व्याख्येत स्पष्ट म्हटलं होतं की बौद्धिक अपंगत्व म्हणजे मनोरुग्णता नव्हे. कुणी इतका विचार करून ते लिहिलं होतं की नाही कोण जाणे. पण त्या एका वाक्यामुळे न्यायालय म्हणू शकलं की ही मुलगी सज्ञान आहे, ती मनोरुग्णांत मोडत नाही, म्हणून तिच्या संमतीशिवाय गर्भपात नाही. मूल होऊ देणं किंवा न देणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असंही न्यायालयाने म्हटलं. पुढे हा निकाल सगळ्याच बायकांच्या हक्कांसाठी वारंवार आधाराला घेतला गेला. म्हणजे देशातल्या धडधाकट बाईच्या हक्कालाही एका अनाथ, अपंग मुलीच्या निकालाने बळ दिलं. त्या वर्षाच्या अखेरीस तिला मुलगी झाली.

भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्येच मान्य केला होता. त्याला धरून २०१६ चा नवा कायदा आला. त्याचं दहावं कलम दोन गोष्टी सांगतं. प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची माहिती अपंगांना मिळाली पाहिजे. आणि मूल होण्याची क्षमता जाईल असा कुठलाही उपचार त्यांच्या मोकळ्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करायचा नाही. शिरूर आता सरळ बेकायदा. अपंग स्त्रीचा तिच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. पण थांबा, तिथे एक खिडकी उघडी ठेवली आहे. अपंगत्व ‘तीव्र’ असेल, तर डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती चालते. तीव्र कुणी ठरवायचं? जिला बोलता येत नाही ती, की जिचं बोलणं आपल्याला कळत नाही ती?

२०२१ मध्ये गर्भपाताची मुदत काही स्त्रियांसाठी चोवीस आठवडे केली, त्यात मोठं शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रियाही आहेत. ही सोय खरीच गरजेची, कारण पायऱ्या चढून सोनोग्राफीपर्यंत पोचायलाच अशा बाईला उशीर होतो. फक्त एवढं नजरेत ठेवा की गर्भपातासाठी जास्त मुदत देणं कायद्याला जमलं. बाळंतपणासाठी दवाखान्याला उतार करणं अजून बहुतेक ठिकाणी बाकी आहे.

कारण आता कायदा पुरेसा झाला, गोष्ट येऊन थांबते ती टेबलापाशी. तपासणीचं टेबल. ते उंच असतं, खाली एक लोखंडी पायरी. पोलिओ झालेली, चाकाच्या खुर्चीतली बाई त्यावर चढणार कशी? मग वॉर्डबॉयला बोलावतात, तो उचलतो. चारचौघांत परक्या पुरुषाने उचललेली बाई दुसऱ्या तपासणीला येत नाही. किंवा डॉक्टर खुर्चीतच बसल्या बसल्या ‘ठीक आहे’ म्हणतात. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचलेल्यांना एका पायरीची किंमत सांगायला नको.

आणि हे नुसतं सोयीचं नाही, जिवाचं आहे. मणक्याला वर, छातीच्या उंचीवर इजा झालेल्या बाईला कळा कळत नाहीत. तिला फक्त डोकं फुटेलसं दुखतं आणि रक्तदाब एकदम चढतो. डॉक्टरला हे माहीत नसेल तर तो गरोदरपणातला नेहमीचा रक्तदाब समजून उपचार करतो आणि बाई दगावू शकते. फेफऱ्याच्या काही गोळ्या गर्भाला बाधतात, त्या गरोदर राहण्याआधी बदलाव्या लागतात. काही गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. म्हणजे तिच्याशी लग्नाआधी, दिवस जाण्याआधी कुणीतरी बोलायला हवं. पण ‘हिला कशाला सांगायचं, हिचं कुठे लग्न होणार आहे’ असं गृहीत धरलं की तो संवादच होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सव्वा कोटीच्या जवळपास अपंग स्त्रिया मोजल्या गेल्या. त्यांतल्या कितीजणी आज कुणाच्या आई आहेत, हे आपण आपल्या गल्लीतच पाहिलं तरी कळेल.

परत म्हैसूरला येऊ, आणि मग थांबतो. १९६५ पासून म्हैसुरात मानसगंगोत्री भागात वाचा आणि श्रवणाची अखिल भारतीय संस्था आहे. देशभरातून, आपल्या महाराष्ट्रातूनही, लोक मुलांना घेऊन तिथे जातात. या संस्थेच्या कामात नवजात बाळांच्या श्रवणाची चाचणी आहे. बाळ झोपलेलं असताना कानात एक छोटं यंत्र धरतात, काही मिनिटांत अंदाज येतो. दोष लवकर कळला तर मूल वेळेत भाषा शिकतं. फार मोलाचं काम.

आता कल्पना करा, त्या बाळाच्या शेजारी, खाटेवर आई पडली आहे आणि ती बहिरी आहे. काल रात्री बाळंतपणाच्या खोलीत नर्स मास्कच्या आडून ‘आता जोर लाव, आता थांब’ असं ओरडत होती. ओठ दिसत नव्हते. खुणांची भाषा येणारं कुणी नव्हतं, आणि तिच्या वतीने बोलणाऱ्या सासूला आत सोडलं नव्हतं. सकाळी डॉक्टर आले, त्यांनी बाहेर जाऊन सासूला विचारलं, ‘दोन झाली ना? ऑपरेशन करून टाकायचं का?’ सासूने मान हलवली. कागदावर अंगठा मात्र खाटेवरच्या बाईचा लागतो. तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर, नर्स, आशाताई असतील तर त्यांना विचारा, असा अंगठा घेताना त्या बाईला काय सांगतात, आणि कसं सांगतात.

पुढच्या भागात आपण पुन्हा याच रस्त्याने मंड्याला जाऊ, धरणाच्या आणि उसाच्या गोष्टीसाठी. तोवर नमस्कार.